सुवेला दारात उभी आहे

तेगेह, ९ जुलै १९९३

ब्ली केतुत,

ओम स्वस्त्यस्तु. तुम्हाला पत्र लिहिताना हे शब्द वर घालू नयेत असंच वाटत होतं. पण देवाचं नाव आहे. तुमच्यावरच्या रागापायी ते गाळणारा मी कोण?

तुम्ही लांपुंगला मुलाकडे पोचलात, नातवाचं तोंड पाहिलंत, हे तुमच्या धाकट्या सुनेकडून कळलं. मला न सांगता गेलात. आपण दोघं एका चटईवर बसून म्हातारे व्हायला आलो. जुन्या भाषेतली ओळ मी सुरात म्हणायची आणि थांबायचं. मग तुम्ही ती रोजच्या बोलीत उलगडून सांगायची. तुमचं सांगून होईपर्यंत मी पुढच्या ओळीला हात घालायचा नाही, आणि तुमच्या अर्थात तोंड तर मुळीच घालायचं नाही. हा नियम मी कधी मोडला नाही. गेल्या पौर्णिमेला देवळाच्या उत्सवात तो मोडायला हवा होता. तोंडावर हात ठेवून तुम्हाला गप्प करायला हवं होतं.

तुम्ही विसरला असाल तर आठवण देतो. पोथी सुवेलाची होती, सर्ग दाराचा. देवी सुवेला नवऱ्याच्या महालातून निघते, कोरडी नदी ओलांडून बापाच्या राजवाड्यापाशी येते. आत बाप प्रधानांशी खलबत करत बसतो. दार उघडत नाही. ती उभी राहते, आणि मग समुद्राकडे चालू लागते. तिथे कवीने एकच शब्द टाकला आहे. लेपास. सुटली.

आजवर तुम्ही काय सांगत आलात? ‘सुटली, म्हणजे ओंजळीतून पाण्यात सोडलेलं फूल. आता हात नाही आणि भार नाही.’ हे ऐकताना बायका कमरेच्या शेल्याने डोळे पुसायच्या. मीही पुढची ओळ घेण्याआधी एक श्वास जास्त घ्यायचो.

आणि त्या दिवशी? ‘सुटली म्हणजे कशी? दावं तोडून म्हैस सुटते ना, तशी. जुन्या गोठ्याची राहिली नाही, नवा गोठा घेत नाही. सुटलेली बाई!’ वर भुवया उडवल्यात. ढोलकी वाजवणारा वाला फिसकन हसला, आणि मग हसायला परवानगी मिळाल्यासारखे सगळे हसले.

माझी लेक वेर्ती तेव्हा गाणाऱ्यांना कॉफी देत होती. तिने तबक खाली ठेवलं, कलंडलेला एक पेला सरळ केला, आणि सालाकच्या बागेतल्या वाटेने घरी निघून गेली. त्या वाटेने काट्यांमुळे कुणी जात नाही.

ती तुमच्या पुतण्याचं, गेदे आर्काचं, घर सोडून आली आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. सोयरीक तुम्हीच जुळवलीत. गेदे आर्काने तिचं काय केलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि तुम्ही विचारलंही नाहीत. त्या घरच्या पितरांचा निरोप तिने रीतसर घेतला. इथल्या पितरांपुढे तिला अजून उभं केलेलं नाही, कारण आमचं घरचं देऊळ माझे सख्खे थोरले भाऊ, ब्ली वायान, सांभाळतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती या घरची होत नाही. सप्टेंबरात गालुंगान आहे. पितर खाली उतरतील आणि प्रत्येक बाई आपल्या आपल्या देवळात नैवेद्य ठेवेल. माझी मुलगी फुलं हातात घेऊन कुठे उभी राहील? उद्या ती मेली, तर तिला अग्नी कुठल्या घराने द्यायचा, हेसुद्धा ठरलेलं नाही.

ब्ली वायान जवळजवळ तयार झाले होते. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्याच्या पाटीपाशी बसले होते. मी विषय काढला, तर म्हणाले, “अर्थ ऐकलास ना काल? तूच गायलास.”

“गायलो मी. अर्थ केतुतचा.”

“वा! गाणं तुझं, अर्थ त्याचा, पोथी वाडवडलांची. यात मी कुठे आलो? मला कशाला बदनाम करता?”

“ब्ली, ती आपली पोर आहे.”

“म्हणूनच. पोथीत राजासुद्धा दार उघडत नाही, आणि मी उघडू? मी कोण, राजाचा बाप?”

तेव्हा ब्ली केतुत, एक काम करा. ब्ली वायानना दोन ओळी लिहा, की त्या शब्दाचा तो अर्थ नव्हे, आणि सुवेलेचा दोष नाही. तुमचा शब्द ते मानतात. माफी मला नको आहे. मी ती घेणारही नाही.

पत्राच्या शेवटी तीनदा शांती लिहायची रीत आहे. माझ्याकडे एकही नाही.


तेगेह, २७ जुलै १९९३

ब्ली केतुत,

तुमचं पत्र पोचलं. वर ‘नेंगा’ असं लिहिलंत. वेर्ती जन्मली त्या दिवसापासून मला या गावात कुणी नेंगा म्हटलेलं नाही. मी पान वेर्ती. वेर्तीचा बाप. माझी बायको मेन वेर्ती. पोर झालं की आईबापाचं नाव पोरावरून पडतं, ही काय मी तुम्हाला सांगायची गोष्ट? बारशाच्या दिवशी मला पहिल्यांदा ‘पान वेर्ती, इकडे या’ अशी हाक मारून हसवलंत ते तुम्हीच. आता लांपुंगहून एका शब्दात माझी मुलगी माझ्या नावातून काढून टाकलीत. अर्थ लावण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. हाही अर्थच होता ना?

तुम्ही लिहिता, ‘मी सुवेलेचा स्वभाव सांगितला, तुझ्या मुलीचा नाही. पोथीतलं माणूस पोथीत असतं. गाणाऱ्याने ते घरी नेऊ नये.’

असं? मग देवळासाठी तोडलेले बांबू आमच्या वस्तीच्या मुखियाने स्वतःच्या गोठ्याला लावले, तेव्हा काय झालं होतं? तुम्ही लोभी प्रधानाचा स्वभाव सांगायला घेतलात, आणि डोळे सगळा वेळ मुखियावर. ‘हा प्रधान दिसायला बरा, बोलायला मऊ, फक्त दुसऱ्याचं लाकूड दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते.’ लोकांनी पोट धरलं. आठवडा व्हायच्या आत बांबू परत आले. तेव्हा प्रधान पोथीत बसून राहिला नाही, ब्ली. पोथीतून उठून मुखियाच्या गोठ्यापर्यंत चालत गेला. तुम्हीच त्याला धाडलं होतं. आमच्यासारख्यांना पोथी कळते ती अशीच. आपल्या अंगणात कोण उभं आहे ते तिच्यातून दिसतं. नाहीतर जुन्या भाषेतल्या चार ओळींसाठी कुणी मांडी मोडून बसलं नसतं.

पुढे तुम्ही लिहिता, सुवेलेचा दोष क्रोध. मी शाळा गावातच शिकलो. जे वळण आहे ते देवळाच्या ओट्यावर पोथ्या गाऊन लागलेलं आहे. पण तो सर्ग मी इतक्या वेळा गायलो आहे की झोपेत उठवलंत तरी म्हणेन. त्यात क्रोध कुठे आहे ते दाखवा. घर सोडण्याआधी ती पोपटाला दाणे घालते. दासीचं पोर तापाने फणफणलं आहे, त्याच्या कपाळाला लेप लावते. अंगावरचा महालातला शेला घडी करून उशाशी ठेवते. रागावलेलं माणूस घडी घालतं का? माझी बायको रागावते तेव्हा भांडी अंगणात असतात.

क्रोध आहे तो राजाचा, तिच्या नवऱ्याचा. त्याने तिच्यावर पानाचा डबा भिरकावला. त्या ओळीला तुम्ही किती अर्थ द्यायचात! त्याचे ग्रह वाईट होते. प्रधानांनी कान भरले होते. लढाईत हरून आला होता. पुरुषाचा राग म्हणजे ढग, बरसून मोकळा होतो. त्याच्या एका डब्यासाठी आकाशातून नक्षत्रं खाली आणलीत, आणि तिच्या सगळ्या चालण्यासाठी तुम्हाला एक म्हैस पुरली.

आणि बाप? इतक्या वर्षांत बापाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. सर्गात त्याच्या ओळी सगळ्यांत जास्त आहेत. दाराच्या आत बसून तो प्रधानांना विचारतो, शास्त्र काय म्हणतं, लोक काय म्हणतील, तिच्या भावांच्या लग्नांचं काय. पोरगी दारात आहे आणि हा विचारतोच आहे. कवीने त्याला सगळ्यांत गोड चाल दिली आहे. ती चाल मला फार साधते असं लोक म्हणतात. उत्सवात म्हाताऱ्या मुद्दाम फर्माईश करायच्या. आता ती गळ्यातून निघत नाही. गोड चालीच्या आड बसलेला तो भित्रा माणूस मला स्वच्छ दिसतो. सुवेला चांगली की वाईट, राजा दुष्ट की दुर्दैवी, यावर आपण रात्री घालवल्या, आणि ज्याच्या हातात अडसर होता त्याला दोघांनी मिळून मोकळा सोडला.

वेर्ती सध्या स्वयंपाकघरात झोपते. मुख्य ओसरीवर नको, निर्णय होईपर्यंत, असं ब्ली वायान म्हणाले. काल तुमचं पत्र मी मोठ्याने वाचत होतो. मेन वेर्ती नारळ खवता खवता म्हणाली, “झालं तुमचं? तुम्ही दोघं पोथीतल्या बाईसाठी भांडत बसा. घरातली बाई राखेशेजारी झोपली आहे.”

मी म्हटलं, “मी तिच्यासाठीच भांडतो आहे.”

“भांडा की मग. पण तो तिकडे समुद्रापलीकडे. तुमचे दादा इथे, दहा पावलांवर. तिकडे वाघ आणि इकडे मांजर?”

तुम्हाला एवढंच विचारतो, की त्या दोन ओळी लिहिणार आहात की नाही?


तेगेह, १६ ऑगस्ट १९९३

ब्ली केतुत,

लिहिल्यात. ब्ली वायाननी तुमचं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. ‘लेपास या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत. मुक्त झालेली, आणि तुटून निसटलेली. जाणत्यांनी दोन्ही मानले आहेत. घराने आपल्या समजुतीने घ्यावा.’

बस? हे लिहायला तुम्हाला इतके दिवस लागले?

दोन अर्थ आहेत हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? प्रत्येक चांगल्या शब्दाला असतात. पण उत्सवात, सगळ्या गावासमोर, माझी मुलगी तबक घेऊन उभी असताना, तुम्ही दोन सांगितले नव्हते. तेव्हा एकच सांगितलात, आणि तोही हसवून. घाव घालताना एक, आणि मलम मागितलं की दोन! एखादा पोरगा बुडतो आहे आणि काठावरचा पट्टीचा पोहणारा म्हणतो, पाणी खोल आहे असंही म्हणता येईल, उथळ आहे असंही म्हणता येईल. तसे तुम्ही. तुम्हाला पुतण्यालाही दुखवायचं नाही, मलाही तोडायचं नाही, आणि जाणता म्हणून मिळणारा मान तर हवाच. पोथीतल्या प्रधानांपैकी तुम्ही कोणते, ते मी आता ओळखलं आहे. ज्याचं नाव कवीने दिलेलं नाही तो.

ब्ली वायान काय म्हणाले ऐका. “बघ. केतुतसारखा माणूस ठरवू शकत नाही, आणि तू मला ठरवायला सांगतोस. मी आपला कोंबडे राखणारा. ठेवू या गालुंगानपर्यंत असंच.”

“गालुंगानपर्यंत असंच ठेवलं तर गालुंगानला ती कुठे जाईल?”

“आपल्या आईला मदत करेल. नैवेद्य शिजवेल. शिजवायला कोण नाही म्हणतं?”

“शिजवेल ती, आणि ठेवेल दुसरी?”

ते उठून गेले. वेर्ती चुलीमागे होती, तिने सगळं ऐकलं असणार. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, “बापा, मला कुठलाच अर्थ नको. फुलं ठेवायला वीतभर जागा मिळाली तर बघा. नाहीतर मी देन्पासारला कामाला जाते. तिथे कुणाला पोथी येत नाही.”

ती जाईल. मी तिला ओळखतो. एकदा गेली की परत बोलवायला मला तोंड उरणार नाही.

पुढच्या पौर्णिमेला आमच्या घरच्या देवळाचा उत्सव आहे. गाणारी मंडळी येणार. काय गाऊ या म्हणून वालाने विचारलं. मी म्हटलं, सुवेला, दाराचा सर्ग. तो म्हणाला, “अर्थ कोण सांगणार? ब्ली केतुत तर नाहीत.” मी म्हटलं, बघू. काय बघणार आहे ते मलाही नीट माहीत नाही. रोज पहाटे देवळाच्या पायरीवर बसतो, हात जोडतो, आणि प्रार्थनेऐवजी तुमच्याशी भांडत राहतो. देवाने हेही ऐकून घेतलं असेल. त्याला माझा आवाज आवडतो, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.


तेगेह, ३ सप्टेंबर १९९३

ब्ली केतुत,

परवा पौर्णिमा झाली. तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून जाईल, म्हणून मीच लिहितो.

दुपारचं ऊन कललं तेव्हा गायला बसलो. पुजारी मंत्र म्हणून थांबले होते. पोथी पुरी झाली की तीर्थ वाटायचं होतं. ब्ली वायान पांढरा फेटा बांधून सगळ्यांची उठबस करत होते. वेर्ती आत, स्वयंपाकघराच्या दारात. माझ्या शेजारची चटई रिकामी होती. सुरुवातीच्या सोप्या ओळींचे अर्थ मंडळींनी आळीपाळीने सांगितले. कोरडी नदी वालाने सांगितली, तीही बरी सांगितली. बापाच्या ओळी आल्या. त्या मी गोड चालीत नाही गायलो. सपाट म्हटल्या, बाजारात दर सांगतात तशा. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

मग ती ओळ आली. लेपास. गायलो आणि थांबलो.

अर्थ सांगायचा म्हणजे ब्ली वायानसमोर सांगायचा. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि ते केळीच्या पानांकडे.

मी तीच ओळ पुन्हा गायलो.

वाला हळूच म्हणाला, “पुढे घ्या की, पान वेर्ती.”

“अर्थ सांग, घेतो.”

“मी ढोलकीवाला. मला विचाराल तर त्या शब्दाचा अर्थ, कॉफी थंड झाली.”

दोघंतिघं हसले. मी पुन्हा तीच ओळ घेतली. आणि पुन्हा. हसणं विरून गेलं. तुम्हाला ठाऊक आहे, उघडलेली पोथी सर्गाच्या मध्यात बांधता येत नाही. बांधली तर त्या घरावर वर्षभर सावट. पुजारी एकदा सूर्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. ब्ली वायान माझ्याजवळ येऊन वाकले.

“काय मांडलं आहेस हे? पुढे जा.”

“अर्थाशिवाय पुढे जायचं नाही. नियम आहे, ब्ली.”

“केतुत नाही इथे.”

“त्याचं पत्र तुमच्याकडे आहे. दोन लिहिलेत त्याने. एक निवडा.”

“माझ्याच घरच्या उत्सवात माझा गळा धरतोस?”

मी पुन्हा ओळ गायलो. आवाज फाटला. ब्ली केतुत, मी रागाने गात होतो. देवापुढे रागाने गाऊ नये असं मी जन्मभर मानलं, पण त्या वेळी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आमची म्हातारी आत्या, दादोंग सेंती, देवळापाशी नैवेद्याच्या फुलांना हात लावत बसली होती. तिचं लग्न झालं नाही, त्यामुळे या घराच्या दारातून तिला कधी जायचंही नव्हतं आणि यायचंही नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, “किती वेळ उभी ठेवणार तिला? घ्या आत.”

ब्ली वायान म्हणाले, “कुणाला, आत्या?”

“जी दारात उभी आहे तिला. अजून कोण आहे?”

“आत्या, पोथीत दार उघडत नाही.”

“नाही उघडत. म्हणून तर दर खेपेला रडतो आपण. आता काय घरी पण रडायचं?”

मग ब्ली वायान आले आणि तुमच्या चटईवर बसले. ज्यांनी आयुष्यात कधी एका ओळीचा अर्थ सांगितला नाही, ते. फेटा सारखा केला, घसा खाकरला, मांडी नीट जमेना. म्हणाले, “सुटली म्हणजे... सुटली म्हणजे तिकडून सुटली. आता तिला घरी यायला हरकत नाही.”

हा अर्थ चूक आहे. कुठल्याही जाणत्याने मानला नसता. कवीच्या मनात तर तो नव्हताच, कारण पुढच्याच ओळीत सुवेला समुद्राकडे चालायला लागते. ती ओळ मी गायलो. पोथी मी बदलली नाही. समुद्रापर्यंत सगळं गायलो, शेवटचा श्लोक म्हटला, आणि पोथी बांधली. तीर्थ वाटताना पुजाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, “वेर्ती, तूही ये.”

काल सकाळी तिला पितरांपुढे नेलं. मोठा विधी नाही. भात, फुलं, थोडं पाणी. ब्ली वायानना मंत्र फारसे येत नाहीत, म्हणून ते साध्या बोलीत म्हणाले, “ही वेर्ती. तुम्ही ओळखता. गेली होती, आता आली. सांभाळा.” एवढं म्हणून उठतील असं मला वाटलं. पण ते तसेच बसून राहिले. मग हात जोडूनच म्हणाले, “आणि तिच्याशी डाव्या बाजूने बोलू नका. त्या कानाने तिला ऐकू येत नाही.”

मी त्यांना सांगितलं नव्हतं. वेर्तीने सांगितलं नव्हतं. तिची आई आणि मी सोडून हे कुणालाच माहीत नाही असं आम्ही समजत होतो. पाठमोरी हाक मारली की ती भलत्याच बाजूला वळते, हे त्यांनी इतके दिवस कोंबडे राखता राखता बघितलेलं होतं, आणि तरी दार अडवून बसले होते. त्यांच्यावर रागवावं की त्यांचे पाय धरावेत, मला कळलं नाही. वेर्तीने फुलं ठेवली. तिला ते वाक्य ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते.

तो कान तुमच्या पुतण्याने घालवला. एका थपडेत, जेवणाच्या वेळी, भात थंड होता म्हणून. तुम्हाला आजवर लिहिलं नाही, कारण एका बाईला घरी यायचं आहे एवढं समजायला तिच्या जखमा तुमच्यापुढे मांडाव्या लागतील असं मला वाटलं नव्हतं. आता लिहिलं.

याचे दोन अर्थ मला लिहून पाठवू नका.